अप्पा आमच्या गावात मेले, त्याची हकिकत

शूटिंगसाठी आमच्या धाराशिव जिल्ह्यात उतरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो आणि दुसरा पिठाच्या गिरणीचा. जेवणाचं कसंही निभतं. गिरणीचं निभत नाही. हल्ली चित्रपटातलं बोलणं बऱ्याचदा जागेवरच ध्वनिमुद्रित करतात. त्यामुळं नायिका अंगणात रडत असताना मागच्या आळीत ज्वारी दळली जात असेल, तर ती ज्वारीही चित्रपटात येते. मग कुणीतरी गिरणीवर जायचं, डबे घेऊन बसलेल्या बायांची समजूत काढायची आणि नायिकेचं रडून होईपर्यंत गिरणी थांबवायची. ते कुणीतरी म्हणजे मी.

माझ्या कार्डावर 'स्थानिक समन्वयक' असं छापलेलं आहे. युनिटमध्ये मात्र कुणी एवढं लांब बोलत नाही. "लोकलला बोलवा," म्हणतात. घर हवं, बैलगाडी हवी, पाच म्हाताऱ्या हव्यात, कुत्रं गप्प करायचंय, सरपंचाला फोन करायचाय, की बोलवा लोकलला. आईला मी हे काम समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकदा म्हणालो, "लोकांची घरं मागून आणतो, माणसं मागून आणतो." ती म्हणाली, "मंग शिकून मागायचंच शिकलास व्हय?"

तिचं चूक नव्हतं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं रानोमाळ. आमच्या तालुक्याच्या वाशीतल्या, मुंबईकडच्या नव्हे, कॉलेजातून मी मराठी घेऊन बी. ए. झालो. माझ्या आधी घरात कुणी पदवी घेतलेली नव्हती, त्यामुळं पदवी मिळाल्यावर तिचं काय करायचं हे सांगणारंही कुणी नव्हतं. शिक्षक व्हायचं मनात होतं, ते झालं नाही. अशात तेरला जुन्या वस्तूंवर माहितीपट करणारी काही मंडळी आली. त्यांना रस्ते माहीत असलेला आणि फोन उचलणारा माणूस हवा होता. मी दोन्ही होतो. तिथून हा धंदा सुरू झाला, आणि आता केस पांढरे होत आले तरी चालू आहे.

बाहेरच्या माणसाला या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट कोणती वाटेल माहीत नाही. माझ्या मते 'पुन्हा एकदा' ही आहे. गावाकडं एखादी गोष्ट एकदा झाली की झाली. शूटिंगमध्ये तीच गोष्ट दहा वेळा करतात. तेरच्या स्टँडवर एका दिग्दर्शकाला एसटी येताना आणि जाताना हवी होती. रीतसर गाडी मिळवली. गाडी वळणापर्यंत जायची, परत यायची. तिसऱ्या खेपेला आतून आरडाओरडा ऐकू आला. मागच्या सीटवर एक आजीबाई कधी येऊन बसल्या होत्या, कुणालाच कळलं नव्हतं. "आरं, धाराशिवला न्यायलाव का तेरलाच घिरट्या घालायलाव?" त्यांना उतरवून आम्ही युनिटच्या जीपनं धाराशिवला पोचवलं. जाताना मला म्हणाल्या, "डायव्हरला रस्ता म्हाईत न्हाय, तर गाडी कामून दिली त्येला?"

हे 'पुन्हा एकदा' कसं समजावून सांगायचं, ते मी अप्पांकडून शिकलो. आणि समजावून सांगता येत नाही असंही काही असतं, तेही त्यांच्याच सोबतीत कळलं.

अप्पा म्हणजे कोण, हे नाटक-सिनेमा बघणाऱ्या मराठी माणसाला पूर्ण नाव सांगितलं तर लगेच कळेल. म्हणून सांगत नाही. सांगितलं तर हा लेख त्यांच्या गौरवाचा होईल आणि गौरव म्हटलं की ते पायात चपला सरकवून निघतात, हे मी पाहिलं आहे. युनिट त्यांना अप्पा म्हणायचं. मीही तेच म्हणतो.

एका म्हाताऱ्या मेंढपाळाची गोष्ट होती. दिग्दर्शक निखिल पुण्याचा, वयानं लहान, पहिलाच मोठा चित्रपट. गाव मीच सुचवलं, माझंच. वाशीपासून आत, माळाच्या कडेला. अप्पा शूटिंगच्या आधीच येऊन राहिले, कारण त्यांना मेंढरांमागं चालायला शिकायचं होतं. शिकवणी माझ्या वडिलांकडं. वडिलांनी आयुष्यात थिएटरचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी अप्पा म्हणजे कामाला नवीन लागलेला, वयानं जरा जास्तच असलेला गडी.

"पाव्हणं, काठी अशी धरत्यात व्हय? ही काय वरातीतली छत्री हाय?"

"मग कशी धरू?"

"धरू नका. ऱ्हाऊ द्या हातात."

अप्पा दिवसभर 'धरू नका, ऱ्हाऊ द्या' असं पुटपुटत माळावर चालले. संध्याकाळी वडील मला म्हणाले, "माणूस बरा हाय. सांगितलेलं ऐकतंय. कुठं कामाला व्हता ह्याच्या आधी?"

मोठ्या नटांबरोबर पडद्यामागं काम करताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांचा चांगुलपणा कॅमेऱ्यासमोर नाही, वाट बघण्यात दिसतो. शूटिंगमध्ये सगळ्यांत जास्त वेळ वाट बघण्यातच जातो. अप्पा सकाळी मेकअपला सगळ्यांच्या आधी बसत, कारण त्यांना उशीर झाला की गावातली माणसं उन्हात ताटकळत. गर्दीत उभ्या केलेल्या बायांची नावं त्यांना पाठ. स्वभाव मात्र अगदी साखरेचा नव्हता. चष्मा हरवला की सगळ्यांवर संशय घेत, जेवायला फार वेळ लावत, आणि एखादं वाक्य मनासारखं आलं नाही तर निखिल 'झालं, झालं' म्हणत असतानाही पुन्हा करायला लावत.

तर त्या मेंढपाळाच्या मरणाचं दृश्य शेवटी ठेवलेलं होतं. अंगणात मढं, भोवती रडणाऱ्या बाया, मग तिरडी दारातून बाहेर. घर निवडलेलं होतं आमच्या भावकीतल्या शकुवहिनीचं. मातीच्या भिंती, मोठं अंगण, दाराशी लिंब. शकुवहिनीनं आधीचे सगळे दिवस घर हौसेनं दिलं होतं. मरणाचं सांगितलं आणि तिनं कमरेला पदर खोचला.

"भावजी, लगीन लावा, बारसं करा, पायजे तर वट्यावर भांडणं लावा. पर माझ्या दारातनं मढं जाणार न्हाय."

"वहिनी, खोटं मढं आहे."

"दार तर खरं हाय ना?"

याला माझ्या बी. ए.त उत्तर नव्हतं. मी गावात आणखी तीन-चार घरी गेलो. तोवर शकुवहिनीचं म्हणणं माझ्या आधी सगळीकडं पोचलं होतं. निखिल डोकं धरून बसला. आधीच्या सगळ्या दृश्यांत तेच घर होतं, माणूस मरायच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी कसा जाईल?

अप्पांना कळल्यावर ते म्हणाले, "मला घेऊन चल."

ते वहिनीच्या वट्यावर बसले. मला वाटलं, आता मोठा नट गोड बोलून गळ घालणार. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, वहिनी. माझ्या आईनंही दिलं नसतं."

वहिनी भांडायच्या तयारीत होती, ती गडबडली. "तसं न्हाय अप्पा, तुमच्याबद्दल काय न्हाय. पर गेलेलं माणूस दारातनं गेलं की गेलं. दाराला ते लागतंय."

"परत आलं तर?"

"आँ?"

"मला तिरडीवरून बाहेर नेतील. कॅमेरा थांबला की मी उतरेन आणि माझ्या पायानं, तुमच्याच दारातून आत येईन. जितक्या वेळा नेतील, तितक्या वेळा येईन. तुम्ही आत उभ्या राहा. मी हाक मारून येईन. मग दाराला काय लागेल?"

वहिनीनं बराच विचार केला. तिच्या चेहऱ्यावरून ते तिला पटत चाललेलं दिसत होतं, पण सहजासहजी हो म्हणणारी ती नव्हे.

"दर खेपेला आल्यावर चहा प्यावा लागंल," ती म्हणाली. "मेलेलं माणूस चहा पीत न्हाय."

"मग तर पक्कंच झालं."

शूटिंगच्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. रडायला बसायच्या बाया मीच घरोघर जाऊन सांगून आणल्या होत्या. त्यांत आमच्या आळीतल्या सुगंधाकाकू होत्या. त्यांचे मालक टेम्पो चालवायचे. साथीच्या दिवसांत त्यांना सोलापूरला दवाखान्यात नेलं, आणि तिकडूनच निरोप आला. त्या काळात कसं होतं ते वाचकांना आठवत असेल. मढं गावात आणायला परवानगी नव्हती, तिकडंच सगळं उरकलं. काकूंनाही तेव्हा गावच्या शाळेत वेगळं ठेवलेलं होतं. दीर परत आला तो अस्थी घेऊन. मी त्यांना या कामासाठी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कामून न जमंल? बसायचंच तर हाय." त्या मागच्या रांगेत बसल्या.

आधी तिरडी बाहेर नेण्याचं दृश्य घेतलं. तिरडी उचलली, दारातून गेली, लिंबाखाली खाली ठेवली. निखिल 'कट' म्हणाला. अप्पा उठले, कपाळाचा गुलाल पुसत दाराशी आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वहिनी, आलो!"

आतून उत्तर आलं, "या! चहा निवायलाय!"

सगळं अंगण हसलं. दुसऱ्या खेपेला खांदा देणाऱ्यांत असलेला माझा चुलतभाऊ मध्येच खुदकन हसला. का, तर तिरडीवरच्या मढ्याच्या पोटात चहा गुडगुडत होता. पुन्हा एकदा. "वहिनी, आलो!" पुन्हा चहा. तिसऱ्या खेपेपर्यंत लोक त्या हाकेचीच वाट बघू लागले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. चौथ्या खेपेला तर दारात उभी असलेली माणसं अप्पांच्या आधीच ओरडली, "वहिनी, आलं बगा तुमचं मढं!"

दृश्य ठीक झालं. कुणाला कशाचा त्रास न होता अवघड काम पार पडलं म्हणून मी खूश होतो. मागच्या रांगेत एक बाई हसत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. गेलेला माणूस चार वेळा त्याच दारातून परत आलेला तिनं पाहिला होता.

मग कॅमेरा अंगणात आणला. आता मढ्याभोवती बाया रडतात ते जवळून घ्यायचं होतं. अप्पा पांढऱ्या कापडाखाली निजले, नाकात कापूस. आवाज टिपणारा आमचा सलीमभाई, मूळ उमरग्याचा, लांब काठीला बांधलेला माईक घेऊन वरून आला. निखिलनं खूण केली. बायांनी हेल काढले. शेवटी रडणं त्या नेहमीच करतात, त्यात शिकवण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात सुगंधाकाकू मागच्या रांगेतून उठल्या. ठरलेलं नव्हतं. पुढच्या बायांना बाजूला सारत त्या मढ्याच्या उशाशी येऊन बसल्या. अप्पांच्या गालावर हात ठेवला.

"आलाव व्हय?" त्या म्हणाल्या. "कवाच्यान वाट बगायलेय."

रडणाऱ्या बाया एकेक करून गप्प झाल्या. त्या आमच्या गावच्याच. त्यांना लगेच समजलं. काकू खाली वाकल्या आणि अप्पांच्या कानाशी बोलू लागल्या. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता. मध्ये रडणं, मग पुन्हा बोलणं. काही वेळा रागावल्यासारखं. मी सलीमभाईकडं पाहिलं. अंगणात त्याला एकट्यालाच सगळं ऐकू येत होतं. त्यानं कानावरचे हेडफोन काढून गळ्यात घेतले आणि दुसरीकडं बघत उभा राहिला. माईकची काठी मात्र हलू दिली नाही.

निखिल 'कट' म्हणालाच नाही. पुष्कळ वेळानं हळूच म्हणाला, तेव्हाही काकू थांबल्या नाहीत. आणि अप्पा उठले नाहीत. उन्हं तोंडावर आली होती, नाकाशी माशी बसत होती. कापडाखाली छाती हलू नये म्हणून ते किती थोडा श्वास घेत होते, ते मला जवळून दिसत होतं. कॅमेरा बंद झालेला होता, आता तो कुणासाठीही अभिनय नव्हता. ते नुसते पडून राहिले.

काकूंचं बोलून झालं. त्यांनी अप्पांच्या तोंडावरून कापड नीट ओढलं, कडेनं खोचलं, पदरानं डोळे पुसले आणि कुणाकडं न बघता घरी निघून गेल्या.

अप्पा उठून बसले. कापूस काढला. सवयीनं दाराकडं वळले, तर दारात शकुवहिनी उभी. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "ह्या खेपेला हाक मारू नका, अप्पा. तसंच या."

ते तसेच आत गेले. चहा तिनं दिला, तो तसाच राहिला.

पुढचं बोलणं लिंबाखाली झालं. निखिल येरझाऱ्या घालत होता. वाईट माणूस नव्हता तो, अजूनही नाही. पण ज्यासाठी आयुष्यभर धडपडायचं ते त्याच्या कॅमेऱ्यात आपोआप येऊन पडलं होतं.

"अप्पा, असं पुन्हा कधीच मिळणार नाही. हाच आपला चित्रपट आहे."

"तिला माहीत आहे का, ते चित्रपटात जाणार आहे ते?"

"कॅमेऱ्यासमोरच तर बसल्या होत्या त्या."

"ती माझ्यासमोर बसली होती, निखिल. तिथं कॅमेरा आहे हे तिच्या गावीही नव्हतं." मग ते माझ्याकडं वळले. "आणि हे माझ्यामुळं झालं. मी आपला हौसेनं चार-चार वेळा उठून येतोय. एका बाईचं दार सांभाळताना दुसरीला काय दिसत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"कुणाच्याच आलं नाही, अप्पा," मी म्हणालो.

"मग?" निखिलनं विचारलं. "टाकून देऊ?"

"ते मी कोण सांगणार? आणि तू तरी कोण? तिला विचारू."

"नाही म्हणाल्या तर?"

माझी अवस्था विचित्र होती. मी निखिलचा माणूस होतो आणि काकूंच्या आळीतलाही. त्या नाही म्हणाल्या तर युनिटचं मोठं नुकसान, आणि न विचारता ते चित्रपटात गेलं तर मला त्या आळीतून मान वर करून चालता आलं नसतं. पुढं गावात शूटिंग आणणं तर लांबच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं गेलो. अप्पा, निखिल, लॅपटॉप आणि रेकॉर्डर घेतलेला सलीमभाई आणि मी. काकू वट्यावर सुपात तुरी पाखडत होत्या. आम्हाला बघून धडपडत उठल्या.

"कालच्याला तुमचं काम बिगडवलं म्या. काय झालं मला, काय कळंना बगा. येड्यावानी उठले."

"काही बिघडवलं नाही," अप्पा म्हणाले. "बसा तुम्ही. आम्हीच काहीतरी विचारायला आलोय."

निखिलनं सांगायला सुरुवात केली. तो घाबरला की पुस्तकी बोलतो. 'दृश्याची तीव्रता' वगैरे झाल्यावर काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी सोपं करून सांगितलं, "काकू, काल तुम्ही जे रडलात, बोललात, ते यंत्रात आलंय. ते सिनेमात ठेवू का, असं हे विचारतायत. तुम्ही नको म्हणलात तर ठेवणार नाहीत."

हे शेवटचं वाक्य मी माझ्या जबाबदारीवर बोललो होतो. निखिलकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. त्या मान हलवण्याबद्दल माझ्या मनात अजून आदर आहे.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "बोललेलं समदं हाय त्यात?"

"हाय काकू, पुरं हाय," सलीमभाई म्हणाला. "पर म्या ऐकलं न्हाय. कानातलं काढून ठिवलं व्हतं. कुणीच ऐकलं न्हाय अजून. कसम सांगतो."

"मला ऐकीव."

सलीमभाईनं हेडफोन त्यांच्या डोक्यावर नीट बसवला, अंबाडा सांभाळून. लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. त्या बघत, ऐकत राहिल्या. आम्ही इकडं तिकडं बघत बसलो. समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. मध्ये एकदा काकू स्वतःशीच 'व्हय' म्हणाल्या. एकदा मान जोरात हलवली, जणू कालचं आपलंच बोलणं त्यांना पुन्हा पटलं. संपल्यावर हेडफोन काढून दोन्ही हातांनी सलीमभाईला परत दिला.

"रडलेलं ठिवा," त्या म्हणाल्या. "बोललेलं काढून टाका."

निखिल पुढं झाला. "काकू, आवाजाशिवाय ते..." आणि मध्येच थांबला. "बरं," म्हणाला.

"बोललेलं आमचं दोगांचं हाय. ते कशाला कुणाला?" काकू म्हणाल्या. "पर रडलेलं ऱ्हाऊ द्या. आमच्या जावा म्हणत्यात, नवरा गेला पर हिच्या डोळ्यातनं टिपूस आलं न्हाय. शाळेत कोंडून ठिवलेलं व्हतं मला. कुणाम्होरं रडू? भिताडाम्होरं? बगू दे त्यास्नी एकदा टाकीजात बसून."

अप्पांनी मान खाली घातली. मी त्यांच्याच आळीतला, चहाला रोज त्यांच्या दारावरून जाणारा. मला हे माहीत नव्हतं.

सलीमभाईनं तिथंच, त्यांच्या डोळ्यांदेखत ते पुसलं. आधी लॅपटॉपमधलं, मग रेकॉर्डरमधलं.

"गेलं?"

"गेलं, काकू."

"पार?"

"पार. आता कुणी म्हणलं तरी सापडायचं न्हाय."

पुढं चित्रपट आला. बऱ्यापैकी चालला. ज्यांनी पाहिला त्यांना ते दृश्य आठवत असेल. सगळे आवाज अचानक थांबतात, आणि एक बाई मढ्याशी बराच वेळ बोलते, पण आपल्याला काही ऐकू येत नाही. त्या शांततेचं खूप कौतुक झालं. निखिलला प्रत्येक मुलाखतीत विचारतात, आवाज बंद करायची कल्पना कशी सुचली? तो सांगतो, "त्या बाईंनी सुचवलं." लोकांना तो विनय वाटतो. वाशीला लोक गाड्या करून बघायला गेले, काकूंच्या जावाही गेल्या. त्यांनी काय बघितलं ते त्यांनाच ठाऊक. परत आल्यावर मोठी जाऊ ताटलीत काहीतरी झाकून काकूंकडं गेली, एवढं माझ्या आईनं पाहिलं.

अप्पा आता काम करत नाहीत. कधीतरी फोन करतात, गावातल्या एकेकाचं नाव घेऊन चौकशी करतात. वडिलांना विचारतात, माझी काठी कोण वापरतंय. मी त्यानंतर पुष्कळ नटांबरोबर काम केलं, चांगलीच माणसं होती. पण त्या दिवशी कॅमेरा बंद झाल्यावर ते तोंडावरची माशी न हाकलता पडून राहिले, तसं कुणाला करताना पाहिलं नाही. त्या वेळी ते काय विचार करत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. कान त्यांचाच होता, सगळं त्यांनी ऐकलं होतं. पण त्याबद्दल ते आजवर कुणाशी एक शब्द बोललेले नाहीत.

त्या सकाळी निघताना ते काकूंसमोर हात जोडून उभे राहिले. "माझं चुकलं, बाई," म्हणाले. "मी सारखा उठून येत होतो, त्याचा तुम्हाला त्रास झाला."

काकू पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, पुन्हा रडतात की काय.

"तरास कशाचा?" त्या म्हणाल्या. "आमच्या मालकानं जित्तेपणी मला कदी पुरं बोलू दिलं न्हाय. म्या तोंड उघडलं की मधीच तोडायचे. लई तापट माणूस. काल पैल्यांदा समदं ऐकून घेतलं बगा, गुमान."

आम्ही चौघं हसावं की नाही या विचारात उभे. आधी त्याच हसल्या. मग अप्पा हसले, इतके की वट्याचा खांब धरून त्यांना खाली बसावं लागलं.